एका खेकड्याला किती?

सोपानआबा कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीचा वास घेतात, मग घरच्यांची खुशाली विचारतात. उभा जन्म द्राक्षबागेत गेलेल्या या माणसाला बुरशी म्हणजे भावकीतला वैरी वाटते. आमच्या साखरेच्या डब्यालाही एकदा नाक लावून म्हणाले होते, "हवा न्हाय हितं. हवा पायजे, हवा!"

इंदापूरजवळ माझं शेती-औषधांचं दुकान आहे. आबा माझं जुनं गिऱ्हाईक आणि जुनी कटकट. श्रावणात ते आले आणि गंभीरपणे म्हणाले, "पंधरा लिटरच्या पंपाला औषध किती, ते मला म्हाईत हाय. एका खेकड्याला किती?"

खेकडा त्यांच्या नातीचा, जुईचा. शंखात राहणारा, लिंबाएवढा. मुलाची बंगळुरूला बदली झाली तेव्हा जुईनं वाळू भरलेल्या काचपेटीसकट तो आबांच्या हवाली केला. आता खेकडा कात टाकायला वाळूत शिरला होता आणि वर पांढरी बुरशी पसरत होती. उकरलं तर तो दगावेल, अशी जुईची सक्त ताकीद होती.

मी बुरशीवरच्या मोरचुदाची पुडी काढली. आबांनी आयुष्यात पहिल्यांदाच पुडीवरचा बारीक मजकूर मला वाचायला लावला. "जलचरांना घातक," मी वाचलं. त्यांनी पुडी माझ्याकडे सरकवली आणि आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

मग त्यांनी बागेतला इलाज केला. पेटीचं झाकण उघडं ठेवलं, वाळू सुकवली. बुरशी गेली. पण फोनवर जुईनं रडून गोंधळ घातला, कारण कोरड्या हवेत खेकडा गुदमरतो. पाणी शिंपडलं, बुरशी परत आली.

"द्राक्षाला कोरडं लागतं," आबा मला म्हणाले. "ह्याला वलं लागतं. बुरशीला बी वलंच लागतं. ह्या जनावरानं माझ्या वैऱ्याशी सोयरीक केलीया."

इलाज निघाला तो आमच्या हिच्याकडे. तिच्या पालापाचोळ्याच्या कुंडीत तिळाहून बारीक, पांढरे, उड्या मारणारे किडे असतात. ते बुरशी खातात आणि बाकी कुणाच्या वाटेला जात नाहीत. हे ऐकून आबा ताडकन उठले. "किडं सोडू? मी?"

तिसऱ्या दिवशी ते लोणच्याची रिकामी बरणी घेऊन हजर. "सूनबाई, वाईच किडं दे. आन् गावात बोलू नगंस."

मला राहवलं नाही. "आबा, एका खेकड्यापायी एवढं?"

"पोरगी दर रविवारी फोन करती," बरणीकडं बघत आबा म्हणाले. "खेकडा बघाया. त्योच गेला तर फोन कशापायी करंल?"

हिनं बरणी गच्च भरून दिली.

दसऱ्यानंतरच्या एका रविवारी मी आबांकडे बसलो होतो. किड्यांनी वाळू स्वच्छ केली होती आणि आदल्या दिवशीच खेकडा वर आला होता. फोन वाजला. "आला! आबा, तो वर आला!" जुई किंचाळली. आबा दोन्ही हातांनी फोन पेटीवर धरून उभे होते. गुळगुळीत दाढी केलेली, अंगात इस्त्रीचा सदरा. दर रविवारी त्यांची हीच तयारी असते. फोनमध्ये मात्र त्यांचा अंगठासुद्धा दिसत नव्हता.

"हात अवघडला असंल, द्या इकडं," म्हणत मी फोन घेतला आणि त्यांच्याकडे वळवला.

"माझ्यात काय बघायचंय? खेकडा दाखव की तिला," आबा म्हणाले. पण बाजूला सरकले नाहीत.