झोकांडीचा परवाना

गहिनीनाथ मास्तर दारू पितात, हे शेवगाव तालुक्यातल्या त्यांच्या गावानं एकमतानं ठरवलं होतं. गावात एकमत होण्याचा हा पहिलाच प्रसंग, त्यामुळे ते मोडायला कुणी तयार नव्हतं.

मास्तर थेंबालाही शिवत नव्हते. पुण्याच्या डॉक्टरांनी त्यांना मल्टिपल स्क्लेरोसिस नावाचा आजार सांगितला होता. विजेच्या तारेवरचं रबर झिजावं तसं मज्जातंतूंवरचं आवरण झिजतं आणि पायाला मेंदूचा निरोप धड पोचत नाही. काही दिवस माणूस ठणठणीत, काही दिवस झोकांड्या. उन्हात तर विचारूच नका. "काठी घ्या, दमलात की सावलीत बसा आणि खुशाल शिकवा," असं डॉक्टर म्हणाले होते. शिकवण्यात मास्तरांचा जीव होता, आणि आता ती नोकरीच जायची वेळ आली होती.

गावाच्या तक्रारीवरून चौकशीला शिक्षण खात्याचे विस्तार अधिकारी आले.

"सोमवारी तुम्ही सरळ चालत होता, मंगळवारी झोकांड्या. आजारात सातत्य हवं, मास्तर."

"साहेब, हा आजारच तसा हाय. येतो, जातो."

"येणं-जाणं पाहुण्यांचं. आमच्या आजारांच्या यादीत देवी आहे, पटकी आहे, हे नाव नाही. मंजूर नसलेला आजार शासकीय सेवकाला होऊ शकत नाही." मग साहेबांचा आवाज मऊ झाला. "दारूची मात्र सोय आहे. प्रकृतीच्या कारणास्तव परवाना मिळतो. परवानाधारक झोकांडीला माझी हरकत नाही."

घरी मास्तरांच्या पत्नी पुष्पावतीबाई म्हणाल्या, "नोकरी ऱ्हातीय न्हवं? मग घ्या परवाना. प्यायची सक्ती थोडीच हाय?"

परवाना आला आणि मास्तरांचे दिवस पालटले. कायदेशीर पिणारा गावात एकच. पिढीजात पिणारा बन्सीसुद्धा त्यांना वाकून रामराम घालू लागला. मास्तर डुलले की दोघंजण धावत येऊन काखेत हात घालत. पारावरची सावलीतली जागा त्यांची झाली. सरपंचांनी शाळेत हाताची खुर्ची पाठवली, "बसून शिकवा, चढली आसंल." डॉक्टरांचं पथ्य गाव अगदी मन लावून पाळू लागलं.

एका दुपारी दोन्ही पाय गेले आणि मास्तर रस्त्यातच बसले. बन्सीनं त्यांना मायेनं उचललं. मास्तरांना रडू कोसळलं. "बन्सी, शपथ घेतो, मी पीत न्हाई रे! मी आजारी हाय!"

"व्हय, व्हय," बन्सी त्यांची पाठ थोपटत म्हणाला, "चढल्यावर समदे आसंच म्हंत्यात."

तुम्हाला हसू आलं असेल, येऊ द्या. फक्त एक सांगा: रस्त्यात तोल जाऊन भिंतीला धरलेला माणूस दिसला, तेव्हा तुम्ही आधी हात पुढं केला होता, की नाक?