शंकरकाकांचा हप्ता

शेजारचे शंकर झाडे, म्हणजे आमचे शंकरकाका, खोकण्याआधी मोबाईल फ्रिजमध्ये ठेवतात.

आम्ही सिंदीला राहायला आलो त्या आठवड्यात हे पहिल्यांदा पाहिलं. बोलता बोलता काकांनी एक बोट वर केलं, डोळ्यांत पाणी आलं, चेहरा वांग्याच्या रंगाचा झाला. तसेच उठले, फ्रिज उघडला, सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुडीशेजारी मोबाईल ठेवला, दार लावलं आणि मग पोटभर खोकले. मला वाटलं, औषध घ्यायला उठले आणि चुकून मोबाईलच आत राहिला.

कारण नंतर कळलं. काकांची आरोग्य विम्याची पॉलिसी होती, तिचा हप्ता दरवर्षी वाढत होता, आणि काका तर एक दिवससुद्धा दवाखान्यात भरती झालेले नव्हते. मग आपली दुखणी कंपनीला कळतात कशी? एकदा परसात पालकाच्या वाफ्यात निंदणी करताना ते मोठ्यानं म्हणाले होते की कंबर धरली. चौथ्या दिवशी कंपनीच्या बाईचा फोन, तब्येत कशी आहे म्हणून. मोबाईलच ऐकून चहाडी करतो अशी काकांची खात्री झाली आणि तेव्हापासून घरात दुखण्याची नावं घ्यायला बंदी झाली. खोकल्याला ‘पाव्हणा’ म्हणायचं असं ठरलं. पण काकांच्या थोरल्या बहिणीला, सुमनआत्यांना, कमी ऐकू यायचं. काका हळूच सांगायचे, पाव्हणा आला आहे. त्यावर आत्या सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायच्या, “कोनता पाव्हणा? तुले तं खोकला झाला.”

काका लग्नाच्या भानगडीत पडले नाहीत. आयुष्यभर जिनिंगमध्ये कापसाच्या काट्यावर वजन करायला होते, त्यामुळे कशाचाही निकाल काट्यावर लागतो अशी त्यांची श्रद्धा. भाजीवाल्याशी वाद झाला तरी “काट्यावर घे”, आणि टीव्हीवर पुढारी भाषण करायला लागला तरी “याले काट्यावर घ्या”.

यंदा हप्त्याचा मेसेज आला तेव्हा काकांनी तो माझ्याकडून तीन वेळा वाचून घेतला. चौथ्यांदा म्हणाले, म्याडम, चष्मा लावून वाचा. आकडा चष्म्यातूनही तेवढाच होता. रविवारी मी शिकवते त्या शाळेला सुट्टी, म्हणून मला सोबत घेऊन ते वर्ध्याला एजंट कामडींच्या ऑफिसात गेले.

कामडी गरीब स्वभावाचा माणूस. त्यांनी समजावलं की दवाखान्यांचा खर्च वाढला, शिवाय काकांचं वयही आता वरच्या गटात गेलं. काका म्हणाले, वय सगळ्यांचंच वाढतं, माल बघून भाव करा. मग उभे राहिले, बाह्या सारल्या आणि म्हणाले, “मले काट्यावर घ्या.” आणि उठाबशा काढू लागले.

दहापर्यंत झकास झालं. अकराव्या उठाबशीला गुडघा अडकला. काका खालीच राहिले. पण चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. आपण मुद्दामच असे बसलो आहोत अशा थाटात त्यांनी सवलतीची बोलणी पुढे चालू ठेवली. टेबलावरून काका दिसेनात, म्हणून कामडीही बिचारे येऊन फरशीवर मांडी घालून बसले. आत आलेलं एक गिऱ्हाईक हे पाहून आल्या पावली परत गेलं. शेवटी आम्ही दोघांनी दोन्ही बगलांत हात घालून काकांना खुर्चीवर बसवलं.

खुर्चीत बसल्यावर काकांनी आवाज खाली आणून विचारलं, ताईला माझ्याच पॉलिसीत घेता येईल का?

कामडी म्हणाले, आमच्या पॉलिसीत बहीण बसत नाही. कुटुंब म्हणजे बायको, मुलं, आईवडील आणि सासूसासरे.

“सासू चालते?”

“चालते.”

“मले सासूच नाई. तिच्या जागेवर ताईले घ्या.”

कामडी हसले, पण काका हसले नाहीत. ताईंची पॉलिसी वेगळी काढता येईल, मात्र एकाहत्तर वय आणि त्यात शुगर, म्हणून तिचा हप्ता काकांच्या दुप्पट पडेल आणि शुगरच्या आजारांचा खर्च मिळायला काही वर्षं थांबावं लागेल, असं कामडींनी सांगितलं.

हप्त्याच्या शेवटच्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. आत्या परसात वांगी तोडत होत्या. काका म्हणाले, दोन हप्ते झेपत नाहीत, माझी पॉलिसी सोडून द्या, ताईच्या नावाची नवीन भरा. मी वाद घातला. म्हटलं, काका, इतकी वर्षं भरलीत, एकदा सुटली तर या वयात पुन्हा या भावात मिळायची नाही. आणि तुमचा खोकला?

काकांनी परसात वाकलेल्या आत्यांकडे पाहिलं. आई गेली तेव्हा ते दोन वर्षांचे होते आणि आत्या नऊ वर्षांच्या, एवढं मला माहीत होतं.

“मी गेलो तं ताई रडन, पन मंग जेवन, राहीन. ती लय मजबूत हाय,” ते म्हणाले. “ती गेली तं मले राहता येत नाई, म्याडम.”

मी फॉर्म भरला. शेवटी फोटो लागत होता, म्हणून काकांनी आत्यांना हाक मारली. खरं सांगितलं असतं तर त्या तयार झाल्या नसत्या, म्हणून काकांनी त्यांच्या कानाशी जाऊन ओरडून सांगितलं की सरकारी कार्ड आहे, म्हाताऱ्यांसाठी फुकट. आत्यांनी हातातली वांगी पदरात घेतली, केस मागे सारले आणि भिंतीला टेकून ताठ उभ्या राहिल्या. मी फोटो काढायला मोबाईल वर धरला, तेवढ्यात त्यांनी मान वळवली.

“बाबू, तुह्यं काढलं का रे?”

चौसष्ट वर्षांचा बाबू चष्मा पुसत होता.

“माह्यं कवाचंच झालं, ताई. तू समोर पाह्य.”