निरोगी पोर पाहिजे!

“निरोगी मुलं? ती काय शोधायची गोष्ट आहे! जामखेडकडच्या कुठल्याही शाळेत चला, पटांगणभर उड्या मारत असतात!” असं छातीठोकपणे सांगून सावेडीच्या सोनोग्राफीतज्ज्ञ डॉक्टर राजेश्वरी यांनी पुण्याहून एका दिवसाच्या बोलीवर यकृत तपासायचं एक यंत्र मागवलं.

हे यंत्र पोटावर टेकवलं, की यकृत किती मऊ आणि किती ताठर ते ध्वनिलहरींनी मोजून आकड्यात सांगतं. पण आजारी मुलाचा आकडा जास्त आहे हे कळायला धडधाकट मुलाचा आकडा ठाऊक हवा ना! त्यासाठी तीस निरोगी मुलं हवी होती. यंत्र संध्याकाळी परत जाणार. मग पुन्हा वर्षभर वाट!

तपासणी उपाशीपोटीच करायची, म्हणून सकाळी शाळेच्या वर्गात आया आपापली उपाशी पोरं घेऊन हजर झाल्या. डॉक्टरांचा लेक आदिनाथही त्याच्या शाळेला सुट्टी म्हणून बरोबर आला होता, तो पटांगणात उधळला. पहिला नंबर रविराजचा. गाल असे, की डोळ्यांना जागाच उरली नव्हती! तो बाकावर चढला आणि बाक कण्हला.

“निरोगी आहे ना?” डॉक्टरांनी विचारलं.

त्याच्या आईनं, मनकर्णानं, कपाळाला हात लावला. “कुठलं वं निरोगी! काय बी खात न्हाई. निस्ता हाडाचा सापळा झालाय.”

“आये, भूक लागली! भाकर दे!” सापळा गरजला.

“गप रं! बगा, तापात बरळतंय.”

मागची जया म्हणाली, “आमच्या कानिफाला तर बारमाही खोकला.” तिच्या मागचीच्या पोराला रात्रभर झोप नव्हती, ते उभ्या उभ्या घोरत होतं. तासाभरात सिद्ध झालं, की गावात एकही निरोगी मूल नाही! आणि आईनं स्वतः ‘निरोगी’ म्हटल्याशिवाय मोजायचं नाही, असा डॉक्टरांचाच नियम.

सहायक कल्याण कानाशी लागला. “मॅडम, आपलं लेकरू चांगलं आहे असं कुठली आई चारचौघांत बोलेल? दिष्ट लागती!”

डॉक्टरांनी शास्त्रीय तोडगा काढला. आईऐवजी शेजारणीला विचारू!

“जयाताई, रविराज कसा आहे?”

“त्याला काय धाड भरलीया! काल आमच्यात येऊन सात भाकरी हानल्या!”

मनकर्णा ताडकन उठली. “मोजल्यास व्हय गं? तरीच रातच्याला लेकरू दचकत हुतं!”

“आन् तू? परवा माज्या कानिफाला गुटगुटीत म्हनलीस, तवापास्नं शिंकतोय!”

पदर खोचले गेले. डॉक्टर मध्ये पडल्या आणि बाजूला फेकल्या गेल्या. शेवटी रंगुबाई आजी उठल्या. त्यांनी शाळेच्या खिचडीच्या चुलीतले निखारे घमेल्यात घेतले, पोरांवरून मीठ-मोहरी-मिरच्या ओवाळल्या आणि निखाऱ्यांवर टाकल्या. वर्गात असा ठसका उठला, की फळासुद्धा खोकला असता!

“श्वास रोखून धरा!” डॉक्टर ओरडल्या.

“घ्यायलाच येईना, रोकायचा कुठला?” रविराज म्हणाला.

धूर निवळला. मनकर्णानं डोळे पुसले. “आता खुशाल लिवा. धडधाकट हाय माजा वाघ!”

डॉक्टरांनी घमेलं व्हरांड्यात मांडलं. आधी दृष्ट, मग यंत्र! कारखान्याच्या काट्यावर उसाच्या गाड्या लागाव्यात तशी रांग लागली. भराभर आकडे निघू लागले, सगळे कसे छान मऊ!

चार वाजता यंत्र न्यायला टेम्पो आला. आणि एक मूल कमी पडलं! कुणीतरी ऐन वेळी केळं खाऊन बाद झालं होतं.

“मॅडम, आपला आदिनाथ!” कल्याणला सुचलं. तेवढ्यात आदिनाथ खिडकीतून उडी मारूनच आत आला. लालबुंद, घामाघूम, ‘खिचडी कधी मिळणार’ म्हणत.

सगळ्या आया डॉक्टरांकडे बघू लागल्या. रंगुबाईंनी विचारलं, “डाक्टरीनबाई, लेकरू निरोगी हाय नव्हं?”

नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं.

“हा?” डॉक्टरांच्या तोंडून आपसूक निघून गेलं. “कसला निरोगी हो आजी! काहीच खात नाही!”

रंगुबाईंनी मूठभर मिरच्या उचलल्या आणि म्हणाल्या, “या, बाहीर या.”