थर्मासमध्ये कोंडलेला शब्द

जावईबापूंना संधी आयतीच चालून आली होती. घरी बसून भाषांतरं करणारा माणूस दिवसभर नेमकं करतो तरी काय, हे बघायलाच सासरेबुवा मुक्कामाला आले होते. मुलगी ऑफिसला गेली तसे ते वर्तमानपत्राआडून जावयावर डोळा ठेवून बसले. बसा म्हणावं, काम कशाला म्हणतात ते आज दाखवतोच!

काम तसं एवढंसं होतं. पाण्यात टाकायच्या गोळ्यांच्या वेष्टनावरचा मजकूर मराठीत करून संध्याकाळी पाठवायचा. त्यात ‘इफर्व्हेसंट’ शब्द आला. दुसरा कुणी ‘फसफसणारी’ लिहून मोकळा झाला असता. ह्यांनी जाडजूड कोश काढला. शब्दाचं मूळ निघालं लॅटिनमध्ये, अर्थ ‘उकळू लागणे’. आता उकळतं म्हणजे तापत असणार. मग वेष्टनावर तसा इशारा नको? जिवाला चैन पडेना. कंपनीने नमुन्याला पाठवलेल्या नळीतली एक गोळी त्यांनी पेल्यात टाकली, बोट बुडवलं. पाणी गारच.

“उघड्यावर ऊब टिकेल कशी?” वर्तमानपत्रामागून आवाज आला.

सासऱ्यांनी कामात रस घेण्याची ही पहिलीच वेळ. जावईबापूंच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्यांनी सासऱ्यांचाच थर्मास घेतला, पाणी भरलं, उरलेली अख्खी नळी आत रिकामी केली आणि झाकण दात-ओठ खाऊन आवळलं. आतून सुरसुर ऐकू येऊ लागली. सासरेबुवांना राहवेना. त्यांनी थर्मास मांडीवर घेतला आणि झाकण जरासं फिरवलं.

झाकण छताला लागलं. फेस सासऱ्यांच्या चष्म्यावर, मिशीवर आणि इस्त्रीच्या शर्टावर. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आता हा माणूस बॅग भरणार, या विचाराने जावईबापूंच्या तोंडचं पाणी पळालं.

सासऱ्यांनी मिशीवरचा फेस चाखून पाहिला.

“गार आहे,” ते म्हणाले. “इशारा नको.”

संध्याकाळी मुलगी आली तेव्हा दोघं फरशी पुसत होते. मजकूर वेळेवर गेला होता. ‘फसफसणारी’च लिहिलं होतं, फक्त खाली एक ओळ वाढली होती: बंद भांड्यात टाकू नये.

“उगाच नावं ठेवत होतो गं,” सासरेबुवा लेकीला म्हणाले. “ह्यांचं काम भारी कष्टाचं आहे.”

जावईबापूंची छाती फुगली.

“एका शब्दाला एवढी फरशी पुसावी लागली. ह्यांना अख्ख्या पुस्तकाचं काम मिळालं, की आधी मला कळव. मी येणार नाही.”