पिवळ्या दरबारातला फेटा

दीपमालाची सुपारी फुटली त्या दिवशी फेटा कमी पडला तो एकच, आणि पडला तो नेमका नवऱ्या मुलाच्या बापाला, सयाजीरावांना. सांगलीकरांनी कळवल्यापेक्षा एक जीप जास्त आली. सयाजीराव "आदी ह्यास्नी बांदा, मग मला," म्हणत आपल्या माणसांना मोठ्या मनानं पुढं करत राहिले, आणि त्यांची पाळी आली तेव्हा मुलीकडच्या मेढेकरांच्या हातात टॉवेल-टोपी तेवढी उरली होती. सयाजीरावांनी टोपी डोक्यावर घातली नाही आणि खिशातही ठेवली नाही. चहा घेतला, गाडीत बसले आणि गेले. पुढं लग्नाची तारीख काढायला मेढ्याहून फोन केला की तो नुसता वाजत राही.

दीपमालाचं जेवण कमी झालं. नवरा मुलगा जयराज तिला रोज फोन करी, पण बापापुढं तोंड उघडायची त्याची छाती नव्हती. पोरगी अर्ध्या ताटावरून उठते हे तिच्या बापाला, सुभेदार लालासाहेबांना, बघवेना. एकुलत्या पोरीवर त्यांचा फार जीव होता.

"मी जातो सांगलीला," एक दिवस ते म्हणाले. "राहिलेला फेटा बांदून येतो."

"जा की," थोरले बंधू वीरधवल म्हणाले. "पर वाकायचं न्हाई. पोरीचा बाप एकदा वाकला की जलमभर वाकतोय. भावकीचं नाक हाय."

"वेळ आली तर वाका," आतून शालूबाई, म्हणजे दीपमालाची आई, म्हणाल्या. "कंबर तुमची हाय, भावकीची न्हाई."

लालासाहेबांची निम्मी नोकरी चीनच्या सरहद्दीवर गेली होती. डोंगरापलीकडं काय असेल याचं कुतूहल पेन्शनीत जास्तच वाढलं. दुपारी कानात इयरफोन घालून ते मोबाईलवर चीनच्या जुन्या बादशहांच्या गोष्टी ऐकत आणि ऐकता ऐकता झोपी जात, त्यामुळं त्यांचा अर्धा इतिहास ऐकलेला आणि अर्धा स्वप्नात पाहिलेला होता. युरोपातून तिथं गेलेले राजांचे वकील तर त्यांच्या खास जिव्हाळ्याचे. महिनोन्महिने समुद्र तुडवून ही मंडळी पेकिंगला पोचत, आणि तिथं पहिला सवाल निघे तो वाकण्याचा. गुडघे टेकून कपाळ जमिनीला लावायचं, तेही नऊ वेळा. डच मुकाट्यानं वाकले. त्यांना सांगण्यात आलं, आता आठ वर्षांनी या. इंग्रज अडून बसला, एकच गुडघा टेकीन म्हणाला. त्याला सांगण्यात आलं, तुमच्या वस्तूंची आम्हाला गरज नाही.

साताऱ्याहून सांगलीची एसटी मिळाली, खिडकीही मिळाली, आणि कराडच्या पुढं लालासाहेबांचा डोळा लागला. बाहेर ऊस हलत होता आणि शेजारच्या सीटवर इंग्रजांचा वकील येऊन बसला होता. डोक्यावर पांढऱ्या केसांचा टोप, मांडीवर घड्याळांची पेटी.

"काय घेऊन निगालाय?" त्यानं विचारलं. स्वप्नात तो मेढ्याकडचंच बोलत होता.

"घरचा इंद्रायणी तांदूळ, मध आन् गुलाबी फेटा."

"आमीबी लय न्हेलं हुतं. दुर्बिणी, घड्याळं, बग्गी. सारं पडून ऱ्हायलं."

"मग मी करू काय?"

"बरोबरीनं करू म्हणायचं. तुमच्या सरदारानं आमच्या राजाच्या तसबिरीपुढं वाकावं, मंग मीबी वाकतो, आसं म्या सुचवलं हुतं."

"ऐकलं का त्येंनी?"

"न्हाई," म्हणून वकील इस्लामपूरच्या स्टँडवर पेटीसकट उतरून गेला.

सयाजीराव हळदीचे अडते. ऐन हंगाम होता. लालासाहेब पेढीच्या दारात उभे राहिले तेव्हा आपण जागे आहोत की अजून एसटीतच, याची त्यांना खात्री वाटेना. आत सगळं पिवळं होतं. पोती पिवळी, भिंती पिवळ्या, हमालांच्या पापण्या पिवळ्या, आणि झरोक्यातून आलेलं ऊन त्या धुरळ्यात पिवळं होऊन तरंगत होतं. पिवळा रंग बादशहाचा, हे त्यांनी कितीदा तरी ऐकलं होतं. समोर गादीवर लोडाला टेकून सयाजीराव बसले होते.

"या," ते म्हणाले, आणि तेवढंच म्हणाले.

लालासाहेबांनी पिशवी पुढं केली. "घरचा तांदूळ हाय."

"तांदूळ हाय आमच्यात."

"मध हाय, जंगलातला."

"त्योबी हाय. आमाला कशाची गरज न्हाई, पाव्हणं."

लालासाहेबांच्या अंगावर काटा आला. त्यांनी घाईघाईनं गुलाबी फेटा बाहेर काढला. "तुमचा मान ऱ्हायला हुता. तेवढी वाईच मान खाली घ्या."

इथंच घोडं अडलं. फेटा बांधून घ्यायचा तर डोकं पुढं करून वाकावंच लागतं. सयाजीराव उठले, पण वाकले नाहीत. शेतकऱ्यांच्या सत्कारासाठी ठेवलेला एक पिवळाधमक फेटा त्यांनी कपाटातून काढला. "दारात आल्याला पाव्हण्याचा मान आदी. तुमी वाका."

"मी मान द्याया आलोय, घ्याया न्हाई."

"पेढी माझी, रीत माझी."

हमालांनी पोती खाली ठेवली. काट्यापाशी उभा असलेला जयराज हळदीकडं बघत राहिला. चहा आला आणि त्यावर साय धरली. लालासाहेबांना पोरीचं अर्धं ताट आठवलं, आणि एसटीतला वकील मदतीला धावला.

"बरोबरीनं करू," ते म्हणाले. "तुमी मला बांदा, मी तुमास्नी. एकाच टायमाला. आदी कुणी न्हाई, मागनं कुणी न्हाई."

सयाजीरावांनी बराच विचार केला. "वाकायचं किती?"

"दोगांनी सारकंच."

पेकिंगात जे कुणाला जमलं नव्हतं, ते सांगलीत जमलं. दोघं समोरासमोर उभे राहून सारखेच वाकले, इतके की टाळूला टाळू लागली. त्यामुळं दोघांनाही दिसत होते ते फक्त स्वतःचे पाय. गुलाबी फेटा डावीकडून निघाला, पिवळा उजवीकडून. दुसऱ्या वेढ्याला कुणाचं तरी कोपर आत गेलं, तिसऱ्याला मानगूट.

"जरा ढिलं सोडा."

"तुमी वढू नगा की."

"ह्यो कान कुणाचा?"

"माझाच हाय, पर तुमच्याकडं कसा आला?"

लालासाहेबांनी फौजी हातानं शेवटची गाठ आवळली, आणि दोघंही ताठ व्हायला गेले ते पुन्हा एकमेकांवर आदळले. दोन फेट्यांत मिळून एकच मोठं डोकं तयार झालं होतं. जयराजनं धावत येऊन दिसलं ते टोक ओढलं. दोघं गुडघ्यांवर आले आणि तसेच पुढं कलंडले, कपाळं खालच्या सतरंजीला टेकली.

गलका ऐकून माडीवरून जयराजची आई, रंगूबाई, खाली आल्या. "आई, कातर आणू?" जयराजनं विचारलं.

"मानाचा फेटा कापत्यात व्हय?" त्यांनी पाट ओढला, दोन्ही डोक्यांसमोर बसल्या आणि गाठीला हात घातला. मग हात थांबला. "तारीख ठरली का?"

खाली दोन्ही डोकी एकदमच 'न्हाई' म्हणून हलली.

"मग ऱ्हावा आसंच." त्या खरंच स्वस्थ बसल्या. जरा वेळानं म्हणाल्या, "गुरुजी अक्षय्य तृतीया म्हणत्यात."

"माझी कवा ना हुती?" सतरंजीतून सयाजीराव म्हणाले.

"माझी तर न्हाईच," लालासाहेब म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते हळदीनं नव्हतं.

तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. रंगूबाईंनी तो काढून स्पीकरवर लावला. पलीकडं वीरधवल होते. "लालासाहेब, काय झालं? वाकला न्हाईस न्हवं?"

दोघांची कपाळं रंगूबाईंच्या पावलांपाशी टेकली होती.

"कुणीबी वाकलं न्हाई," सयाजीरावच आधी बोलले. "मी सोता हितं हाय. अक्षय्य तृतीया धरलीया."

"व्हय दादा," लालासाहेब म्हणाले. "समदं बरोबरीनं झालं."

फोन बंद करून रंगूबाईंनी वेढा उलगडायला घेतला. "मान अजून खाली घ्या," त्या म्हणाल्या, आणि दोघांनी मुकाट्यानं घेतली.