सातव्या प्रकरणातला बाप

मुलांसाठी साहसी कादंबरी लिहिणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ! असं मी बायकोला छातीठोकपणे सांगितलं आणि कामाला लागलो. दोन जिवलग मैत्रिणी, एक गळकी होडी आणि घरावर आलेलं संकट. आणखी काय हवं? रोज जेवणं झाली की ताजं प्रकरण मी लेकीला आणि तिच्या मैत्रिणीला वाचून दाखवायचो. या मैत्रिणीला आम्ही तोफ म्हणतो, कारण तिला हळू बोलताच येत नाही.

सातव्या प्रकरणात मी नायिकेच्या बापाची नोकरी घालवली. अस्सल वाटावं म्हणून बाप आरशात बघून लिहिला. तोच चष्मा, तीच मिशी, तोच गाद्यांचा कारखाना! ऐकताना लेकीचे डोळे भरून आले. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

दुसऱ्या दिवशी मला सुट्टी. सकाळीच तोफेची आई, म्हणजे वरच्या मजल्यावरच्या काकू, दारात हजर! एका हातात भरलेलं पातेलं, दुसऱ्या हातात नवऱ्याचे जुने शर्ट.

"असे दिवस येतात हो," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "लाजू नका."

"कसले दिवस?"

मागून बायको कडाडली, "तुमची नोकरी गेली आणि मला हे काकूंकडून कळतंय?"

"अगं, कादंबरीतल्या बापाची गेली!"

"मुली तर म्हणत होत्या, बाबांना तोंडाने सांगवत नाही, म्हणून गोष्टीतून सांगतायत!" काकू मध्येच म्हणाल्या.

मी आतल्या खोलीत डोकावलो. "मुली कुठायत?"

"तुमच्या साहेबांकडे गेल्यात," काकू म्हणाल्या. "नोकरी परत मागायला!"

मी बनियनवरच धावत सुटलो! काकूंच्या हातातून ओढून घेतलेला शर्ट वाटेत अंगात चढवला, तर तो गुडघ्यापर्यंत आला.

तोफेचा आवाज कारखान्याच्या फाटकापर्यंत येत होता. केबिनमध्ये लेक साहेबांसमोर ताठ उभी. एक पाऊलही मागे सरत नव्हती. तोफेने तिचा हात घट्ट धरला होता. मला घाम फुटला होता, तरी ऊर भरून आला.

"साहेब, गैरसमज झालाय!" मी ओरडलो. "ती कादंबरी आहे!"

"तेच मी यांना सांगतोय," साहेब हसले. "तुमच्यासारख्या कामसू माणसाला मी कशाला काढीन?"

माझा जीव भांड्यात पडला. लेकीचा चेहरा फुलला.

"म्हणजे गोदामात गाद्यांवर झोपलेलं चालतं?" तिने विचारलं.

"रोज दुपारी झोपतात!" तोफ धडाडली. "तीन गाद्या आडोशाला उभ्या करून! काकांनीच लिहिलंय!"

साहेब उठले आणि थेट गोदामात गेले. तीन गाद्या उभ्या होत्या. मागे माझी उशी होती, अभ्र्यासकट!

नोकरी वाचली, तीही मुलींच्या धाडसाकडे बघून. साहेबांनी फक्त माझी बदली केली. आमच्या कारखान्याला आणखी एक विभाग आहे, हे मला त्याच दिवशी कळलं. तिथे लाकडी स्टुलं बनतात.