कोचने रेषेबाहेर राहावे

मी तुम्हाला सांगतो, चांगल्या खेळाडूला कोच व्हायला काहीही लागत नाही! गळ्यात शिट्टी अडकवायची, कमरेवर हात ठेवायचे आणि ओरडायचं. बास्केटबॉलच्या मैदानावर मी अर्धं आयुष्य धावलो, उडालो, आपटलो. शेवटी गुडघ्यांनी राजीनामा दिला आणि आमच्याच क्लबने मला मुलींच्या संघाचा कोच केलं. घरी येऊन मी छाती फुगवून बातमी सांगितली.

बायको म्हणाली, "पण कोचच्या हातात बॉल नसतो ना? मग तू करणार काय?"

"शिकवणार!"

"बघू," ती म्हणाली. तिचं 'बघू' मला नेहमीच महागात पडतं.

क्लबच्या सचिवांनीही पहिल्याच दिवशी केबिनमध्ये बसवून स्पष्ट सांगितलं, "संघ वरच्या गटात टिकला तर तुम्ही टिकाल. खाली घसरला तर दुसरा कोच बघू." मी हसलो खरा, पण घाबरलो. कारण बॉल सोडून मला जगात काहीही येत नाही. घरातला बल्बसुद्धा बायकोच बदलते, आणि उंची माझी जास्त आहे!

सराव जोरात सुरू झाला. "शॉट असा मारायचा!" म्हणत मी मारून दाखवायचो. मग डावीकडून दाखवायचो. मग उजवीकडून. मुली भिंतीला टेकून टाळ्या वाजवायच्या आणि मला वाटायचं, काय भराभर शिकतायत पोरी!

कप्तान सगळ्यांत बुटकी, म्हणून तिला सगळे चिमणी म्हणत. ती एकदा चाचरत म्हणाली, "सर, आता आम्ही मारू का?"

"थांब गं, कोपऱ्यातला राहिलाय! आणि तू तर मारूच नकोस. बॉल आला की उंच पोरींना द्यायचा. काही अडलं तर माझ्याकडे बघायचं."

कोपऱ्यातला दाखवून होईपर्यंत बॅडमिंटनवाले रॅकेटी घेऊन दारात उभे असायचे. हंगामभर आम्ही हरत राहिलो, आणि व्हायचं तेच झालं. शेवटचा सामना जिंकला तर वर, हरला तर संघ खाली आणि मी घरी!

सामन्याचा दिवस उजाडला. हॉल गच्च भरलेला. बायको आमच्या बाकाच्या मागेच बसली होती. सचिव पलीकडे बसून रुमालाने कपाळ पुसत होते. सामना असा अटीतटीचा, की पुढे कोण आणि मागे कोण हे क्षणाक्षणाला बदलत होतं. समोरच्या एका मुलीने शॉटसाठी हात उचलले, तसे तिला अडवायला माझेही हात वर गेले. हात गेले ते गेले, पाठोपाठ मीही रेषेच्या आत गेलो!

शिट्टी! पंच माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "सर, कोचने रेषेबाहेर राहायचं. हा तुमचा पहिला फाऊल. दुसरा झाला तर हॉलच्या बाहेर!"

"खाली बस!" मागून बायको ओरडली. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलो. पण गुडघे ऐकेनात. थोड्या वेळाने मी पुन्हा उभा होतो.

शेवटचे काही सेकंद राहिले होते. आम्ही फक्त एका गुणाने पुढे, आणि बॉल त्यांच्याकडे. त्यांनी पास दिला, चिमणीने झेपावून त्याला बोटं लावली, आणि बॉल सुटला. टप्पे घेत, सरळ माझ्याकडे!

मी काही विचार केला असेल, असं समजू नका. एक पाऊल आत, बॉल हातात, गुडघे वाकले, आणि... शॉट! कडेला न लागता बॉल जाळीतून सळ्कन खाली! आयुष्यात इतका सुंदर शॉट मी मारला नव्हता. मी मूठ उंचावून गरजलो!

दुसरं कोणीच गरजलं नाही. छतावरचे पंखे फिरताना ऐकू येत होते. पंचांनी शिट्टी वाजवली आणि दाराकडे बोट दाखवलं.

"सर, हे काय केलंत?" चिमणीचे डोळे भरून आले होते. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

कपडे बदलायच्या खोलीत मी एकटा, आणि भिंतीवर मुलींच्या बॅगा टांगलेल्या. मी भिंतीला कान लावला. शांतता. मग जल्लोष, पण त्यांच्या बाजूचा. म्हणजे माझ्या फाऊलबद्दल त्यांना मिळालेला मोकळा शॉट, तो फ्री थ्रो, आत गेला. बरोबरी! आणि बॉल पुन्हा त्यांच्याकडे. बुटांची करकर. बॉलचे टप्पे. कोणीतरी किंचाळलं. मग असा काही कल्ला झाला की भिंत थरथरली. कोणाचा होता तो? कोणाचा?

दार उघडलं. बायको.

"बोल ना! हरलो?"

"आधी बस."

"मी बसलेलाच आहे!"

तेवढ्यात पोरी चिमणीला खांद्यावर घेऊन आत घुसल्या. ती धापा टाकत सांगू लागली, "सर, मी पास कापला! आणि सवयीने तुमच्याकडे बघितलं. तुम्ही नव्हतातच! मग मीच मारला!"

मला इतकं रडू आलं की मी तोंडावर टॉवेल ओढला. आनंदाचं होतं, आणि लाजेचंही.

मागोमाग सचिव आले. "अभिनंदन. पुढच्या वर्षीही कोच तुम्हीच. फक्त एक अट आहे. दर सामन्यात शेवटचं मिनिट आलं की तुम्ही या खोलीत येऊन बसायचं."

तेव्हापासून मी अट पाळतोय आणि आमचा संघ जिंकतोय. त्याचा मला आनंदच आहे. पण शेवटच्या मिनिटाला मी बाकावरून उठलो रे उठलो की आमचेच प्रेक्षक टाळ्या वाजवतात, ते मात्र जरा लागतं हो!